साहेबांसाठी तळलेले पापड

किरणोत्सर्ग तपासणाऱ्या मुंबईच्या प्रयोगशाळेला मी एकदा तळलेले पापड पाठवले होते. सोबत लिंबाच्या गोड लोणच्याची छोटी बाटली आणि माझ्या हातची चिठ्ठी: ‘साहेब, पापड ताजे आहेत, चहाबरोबर घ्यावेत. काही कमीजास्त असल्यास कळवावे.’ कमीजास्त त्यांनी कळवलं. शिक्का मारून, दोन प्रतींत कळवलं.

तेव्हा मी काही कोवळी पोर नव्हते. पन्नाशी उलटली होती, एक मुलगी रोह्याला दिली होती, आणि पेणमध्ये घरामागच्या शेडमध्ये आठ बाया हाताखाली पोह्याचे पापड लाटत होत्या. त्या आठ जणी मला ‘बाई’ म्हणायच्या. आणि एकदा का माणसाला चार लोक बाई म्हणायला लागले, की आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटू लागतं. मला तर फारच वाटायचं. त्या वयातली मी आज समोर आले तर मी तिला बसायला पाटसुद्धा देणार नाही; उभ्याउभ्याच दोन शब्द सुनावीन.

झालं असं. जपानात त्सुनामी येऊन अणुभट्टीचा तो घोटाळा झाला, त्याला तीनेक वर्षं झाली होती. गणपती होऊन गेले होते. पनवेलहून एक एजंट आला. पापड, लोणची, मिरगुंडं असलं सामान गोळा करून तो परदेशात पाठवायचा. आमचा पापड त्याने दाताखाली धरला, डोळे मिटले, आणि एका दमात एवढी मोठी ऑर्डर सांगितली की मी चहात साखर घालायची विसरले. म्हणाला, दिवाळीच्या आसपास माल बंदरावर पोचला पाहिजे, आणि एकदा गेला की मग हिवाळाभर दर महिन्याला जात राहील.

“फक्त मावशी, एक कागद लागेल.”

“स्वच्छतेचा ना? आहे माझ्याकडे. भिंतीवर लावलाय बघा.”

“तो नाही. किरणोत्सर्ग नसल्याचा.”

“अहो, आमच्या पेणात काय फुटलंय?”

“पेणात नाही हो. मागे तिकडे रशियाच्या बाजूला चेर्नोबिलला अणुभट्टी फुटली होती ना? ढग उडाले, दूधदुभतं, भाजीपाला, सगळं बिघडलं. तेव्हा माल घेणाऱ्या या देशांनी नियम केला. बाहेरून येणाऱ्या खाण्याच्या प्रत्येक जिनसाला हा कागद पाहिजे. मध्ये जरा सैल पडत आलं होतं, तर जपानात तेच झालं. आता कोण काढतोय नियम!”

“मग रशियाला विचारा, जपानला विचारा. माझे पोहे इथल्या भाताचे. पीठ दळलं त्या गिरणीवाल्याला मी ओळखते. त्यात कुठून येणार किरण?”

“मला पटतं मावशी,” तो म्हणाला, “बंदरावरच्या माणसाला पटत नाही.”

असल्या गोष्टींशी माझा आधीचा संबंध एवढाच, की चेर्नोबिल झालं त्या सुमारास मुंबईत कुठल्याशा परदेशी लोण्यावरून गदारोळ उठल्याचं मी पेपरात वाचलं होतं, आणि आपल्याकडे लोणी घरचंच असतं म्हणून पान उलटलं होतं. जगात कुठे काय फुटतं त्याचं पाणी आपल्या ओटीपर्यंत यायला इतकी वर्षं लागतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

एजंटने मला सगळं नीट सांगितलं, हे मी कबूल करते. जो माल जाणार त्याच लॉटमधले कच्चे पापड काढायचे. दोनेक किलो. कोऱ्या पिशवीत घालून, वर लॉटचा नंबर टाकून, पिशवी सील करायची. आपल्या हाताने काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. तो बोलत होता आणि मी मान हलवत होते. माझ्या डोक्यात मात्र शेडला नवीन पत्रे कुठून आणायचे हे चाललेलं होतं.

आता त्या हिवाळ्याचं सांगायचं तर आधी कासूवालीचं सांगायला हवं. नाव लिहीत नाही. कासूच्या स्टेशनापासून चालत पाऊण तासावर तिची वाडी, तिथून ती सकाळच्या गाडीने पेणला यायची. आठ जणींत तिचा हात सगळ्यांत हलका. पापड असा लाटायची की खालच्या पोळपाटाच्या लाकडाची रेघ वरून दिसायची. मी दोरीने लाट्या पाडायचे आणि सगळ्यांत चांगली लाटी तिच्या बाजूला सरकवायचे. बाकीच्या बाया हे बघायच्या आणि खाकरायच्या.

आमच्या धंद्याची गंमत अशी, की दिवाळी आटोपली की मागणी बसते ती थेट उन्हाळ्यापर्यंत. चार बायांपुरतं काम उरतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत, तुळशीचं लग्न लागलं की वाडीवर वीटभट्टीचे ट्रक येतात. भात कापून झालेलं असतं, दुसरं काम नसतं. मुकादम आधीच नावं घेऊन ठेवतो. मग चूल, तवा, कोंबड्या, माणसं सगळी ट्रकमध्ये, आणि वाडी पाऊस तोंडावर येईपर्यंत रिकामी.

कासूवालीला त्या वर्षी जायचं नव्हतं. तिची आई थकली होती. आदल्या साली ट्रकवर चढताना म्हातारी घसरून पडली होती, कंबरेत लचक भरली ती गेलीच नाही, आणि डोळ्यांनीही आता तिला माणूस उन्हासमोर उभा राहिला तरच कळायचा. ट्रकवर तिला चढवणं शक्य नव्हतं. वाडीवर ठेवून जायचं तर मागे राहणार कोण? दोन म्हातारे आणि एक लंगडा कुत्रा.

ऑर्डरचं मी शेडमध्ये सांगितलं तेव्हा बाकीच्या जणी हसल्या-बोलल्या. ही हातातलं लाटणं थांबवून बसली. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर दारात उभी राहिली.

“बाई, हिवाळाभर काम ऱ्हाईल?”

“राहील म्हणजे? पुरे म्हणशील.”

“नक्की ना? मुकादम परवा येनार हाय. त्याला नाय म्हनून सांगू?”

“सांग खुशाल.”

“कोलाडजवळच्या भट्टीवर जागा देतो बोलला. तिथनं आयतवारी आयला बघाया येता येतं. ती जागा सोडली तं मंग परत नाय गावनार.”

“अगो, सोड म्हणते ना! माल जाणारच. माझा पापड कोण परत करतंय?”

हे वाक्य मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं होतं. मला तो हातसुद्धा आठवतो.

तिने मुकादमाला नकार कळवला.

दसऱ्यानंतर एजंटचा निरोप आला की उद्या सकाळी माणूस नमुना न्यायला येईल. इथे मी जरा माझी बाजू मांडते, फार नाही. तीस वर्षं मी पेणच्या बाजारात पापड दिले. दुकानदार तुमचा पापड कच्चा बघतच नाही. दुकानामागे स्टोव्ह पेटलेला असतो, तेलात पापड सोडतो, तो किती फुलतो, पांढरा राहतो की काळवंडतो, तोंडात विरतो की दाताला चिकटतो, एवढं बघून मग भावाचं बोलतो. तेव्हा कुणी मोठा साहेब माझा पापड तपासणार म्हटल्यावर तो खाणार, हे माझ्या मनाने ठरवून टाकलं. आणि खाणाऱ्या माणसापुढे कच्चा पापड ठेवायचा हे माझ्या आईने मला शिकवलेलं नव्हतं. एजंट कच्चे म्हणाला होता ते आठवत होतं बरं का. पण मला वाटलं, पुरुष माणूस, त्याला स्वयंपाकातलं काय कळतंय.

पहाटे उठून नवीन तेल काढलं. लॉटमधले पापड घेतलेच नाहीत. म्हटलं ते कालपरवाचे, साहेबांना कशाला. डब्यातले घरचे, मी स्वतः लाटलेले घेतले. वास्तविक कासूवालीचे माझ्यापेक्षा चांगले होते. पण साहेबांकडे जायचं तर बाईंच्या हातचं जावं, नाही का? एकेक पापड मंद आचेवर तळला, उभा करून तेल निथळवलं, स्टीलच्या डब्यात कागद घालून रचला. लोणचं. चिठ्ठी. झाकणावरून चिकटपट्टी अशी गुंडाळली की डबा उघडायला सुतार लागावा. एजंटचा माणूस आला, वरून लॉटचा नंबर लिहिलेला बघितला आणि घेऊन गेला. तो डबा उघडून बघेल तर शप्पथ! सीलबंद होता ना.

मग वाट बघणं. दिवाळी आली, चकल्या झाल्या. शेडमध्ये माल भरून तयार, खोक्यांवर खोकी चढलेली. कासूवाली रोज येताच खोक्यांकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मी म्हणायचे, “येतोय गो कागद. मुंबईची माणसं, सणात कुठे कामं करतात!” कागदावर ‘उत्तम’ असा काही शेरा येईल आणि तो आपण चौकटीत घालून भिंतीवर लावू, असंही मनात होतं. खिळा कुठे मारायचा तेही ठरवलं होतं.

भाऊबीज झाल्यावर मी मुलीकडे रोह्याला गेले. जावई धाटावच्या एका केमिकल कंपनीत, तिथल्या लॅबमध्येच कामाला. रात्रपाळी करून सकाळी आले होते, चहा घेत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. एजंट. त्याचा आवाज असा, की कुणी गेलं असं मला वाटलं.

“मावशी, तुम्ही काय पाठवलंत हो?”

“का? खराब निघाले का पापड?”

त्याने प्रयोगशाळेचं पत्र वाचून दाखवलं. नमुना स्वीकारता येत नाही. पदार्थ शिजवलेला आहे, तेल आहे, मूळ मालाशी जुळत नाही. नव्याने नमुना पाठवावा, नव्याने रांगेत लागावं. लोणच्याची बाटली सोबत परत करत आहोत.

बाटली परत आली याचंच मला आधी वाईट वाटलं. माणूस किती बिनडोक असू शकतो बघा.

जावयांना सांगितलं तर ते कपबशी खाली ठेवून हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी डोळे पुसत म्हणाले, “आई, ते पापड खाणार नव्हते. बारीक दळणार होते, भांड्यात ठासून भरणार होते आणि यंत्रात ठेवून किती किरण येतात ते मोजणार होते.”

“दळणार होते? मग तसं सांगायचं! मी पीठच दिलं असतं.”

ते पुन्हा हसायला लागले. आत मुलगीही हसत होती; तिला वाटलं मला ऐकू येत नाही. मग जावई गंभीर झाले. म्हणाले, “आमच्याकडे कुणी सॅम्पलला नुसता उघडा हात लावला तरी ते फेकून देतात. तुम्ही तर तळलंत, आणि दुसऱ्याच डब्यातलं दिलंत. आता पुन्हा द्यायचं म्हणजे महिना गेला धरा.”

“महिना?”

“कदाचित जास्त. असल्या टेस्टला वेळ लागतो.”

तिथे मी दिवस मोजले. चार दिवसांवर तुळशीचं लग्न होतं.

त्याच दुपारी मी परत निघाले. मुलीने पिशवीत फराळ कोंबला. पेणचं तिकीट काढलं होतं पण कासूला उतरले. वाटभर मी काय सांगायचं ते जुळवत होते: बंदराचं असं झालं, कागदाचं तसं झालं, सरकारी कामं. वाडी येईपर्यंत एक छान गोष्ट तयार झाली होती आणि त्यात माझा कुठेच दोष नव्हता. तिच्या दारात पोचले तर ती आईचं डोकं विंचरत होती. म्हातारीने मान माझ्याकडे वळवली, डोळे भलतीकडे. आणि माझ्या तोंडून खरं तेच निघालं.

“तळून धाडले?” ती म्हणाली.

“हो.”

“कोनाला?”

“साहेबांना.”

तिने फणीत अडकलेला केस बोटावर गुंडाळला. “आमाला नाय कवा तळून दिलंत,” म्हणाली. रागाने नाही, आज पाणी आलं नाही, असं म्हणावं तसं.

खरं होतं. तुटक्या पापडांची पुडी मी दर महिन्याला द्यायचे. कच्ची.

“मंग ट्रक येल त्यात जावं लागंल,” ती म्हणाली. “कोलाडची जागा तं गेली.”

“मी बोलते मुकादमाशी.”

“तुमी नका बोलू बाई.”

मी बोललेच. पेणच्या एस्टी स्टँडवर त्याला गाठला. पान खात होता. म्हणाला, कोलाडकडची माणसं भरली, आता घाटावरच्या भट्टीवर तेवढी जागा आहे. तिथून आयतवारी कुणी येत नाही. तिथून माणूस येतो तो एकदम पावसाच्या तोंडावर. मी त्याला चढ्या आवाजात काहीबाही बोलले. त्याने पान थुंकलं आणि विचारलं, “मंग तुमी ठेवता का कामाला?”

हा प्रश्न तुम्हीही मला विचाराल. मी तिला चार महिने ठेवून घेऊ शकले असते का? तेव्हा मी नाही म्हटलं होतं. शेडमध्ये न गेलेला माल पडून होता, काम नव्हतं, एकीला ठेवलं तर बाकीच्यांनी काय करायचं, अशी सगळी उत्तरं होती. ती उत्तरं आजही खोटी नाहीत. पण त्याच महिन्यात मी शेडला नवे पत्रे घातले, हेही खरं आहे.

तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी ट्रक आला. मी गेले नव्हते बघायला. जायची हिंमत नव्हती, असं लिहावं लागतं आहे. तिसऱ्या दिवशी मागे राहिलेल्या म्हातारीसाठी डबा घेऊन गेले.

तिथून पुढे सगळा हिवाळा आणि उन्हाळा मी एक दिवसाआड कासूला जात होते. सकाळची गाडी, हातात चार पुडांचा डबा, मग ती पाऊण तासाची वाट. जाताना ऊन पाठीवर, येताना तोंडावर. गुडघे तेव्हाच बोलायला लागले, ते अजून गप्प बसलेले नाहीत. पुण्य करतेय असं पहिले आठ दिवस वाटलं. नंतर नुसतं चालणं उरलं.

पहिल्या दिवशी वरण-भात, भेंडीची भाजी आणि तूप नेलं. म्हातारीने दोन घास घेतले.

“बाय, तुमच्या डाळीला दात लागत नायत.”

“मऊच शिजवलीय मुद्दाम.”

“चव बी लागत नाय.”

“मग काय आणू?”

“सुकट आना. तांदळाची भाकर. नि तिखटाला हात आवरू नका.”

मग बाजारात खाडीकडच्या कोळणींकडून सुकट घेऊ लागले. त्या विचारायच्या, “बाईंकडं रोज सुकट? पावनं आलं काय गो?” मी हो म्हणायचे.

म्हातारी जेवायची आणि मी बोलायचे. काय बोलायचे? तेच. माझं चुकलं, मी ऐकलं नाही, मला शहाणपण नडलं, तुमच्या लेकीला मीच सांगितलं होतं. रोज नव्या तऱ्हेने तेच. ती चघळत ऐकायची. “ऱ्हावंद्या,” म्हणायची. “व्हतं आसं.” मी पुन्हा सुरू करायचे. मग ती चाचपडत माझा गुडघा शोधून त्यावर थोपटायची, “नका करू येवढं जिवाला.” आणि मला बरं वाटायचं. परतीच्या गाडीत मी हलकी होऊन बसायचे. या हलकं होण्यामागे कुणी काय उचलत होतं, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

एकदा तिने विचारलं, “त्या पापडात काय बघत व्हते ते?”

मी सांगायला गेले. लांबच्या देशात एक भट्टी फुटली, त्यातून विष उडालं. ते दुधात जातं, मासळीत जातं, भाताच्या दाण्यात जातं. म्हणून दुसरे देश आपल्याकडे येणारं खाणं तपासतात.

“भट्टी? विटांची?”

“नाही. विजेची. अणूची.”

“दिसतं का ते ईष?”

“नाही.”

“वास?”

“वास नाही, चव नाही, काही नाही.”

“मंग हाय कशावरनं?”

“यंत्र सांगतं.”

तिने सुकटीचं एक डोकं दातातून काढून बाजूला ठेवलं. “त्या यंत्राला ईचारा,” म्हणाली, “माजी पोर कवा येनार.”

कागद पौषात आला. दुसऱ्या वेळी एजंट स्वतः शेडमध्ये उभा राहिला, स्वतःच्या हाताने खोक्यातून कच्चे पापड काढले, मला दोन हात लांब उभं केलं. कागदावर एक ओळ इंग्रजीत आणि एक आकडा. जावयांनी वाचून सांगितलं की काही नाही, मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणजे माझ्या पापडात काही नव्हतं, जे मला आधीच माहीत होतं. मधल्या काळात तिकडच्या व्यापाऱ्याने दुसरीकडून माल घेतला होता. आमची खोकी होळीनंतर गेली, ती निम्मीच. बाकीची पेणच्या बाजारात ओळखीच्या दुकानांत खपवली. तो कागद मी भिंतीवर लावला नाही.

पुढे बरीच वर्षं माल जात राहिला, आणि दर लॉटला तोच कागद, तीच पिशवी, तीच वाट बघणं. कंटाळा आला म्हणावं तर तोही करून झाला. आता शेड सुनेकडे आहे. ती फोनवर काहीतरी दाबते आणि माणूस येऊन पिशवी घेऊन जातो. मला स्वयंपाकघरातच थांबवते, नमुन्याच्या दिवशी तर कढईसुद्धा वरच्या फळीवर ठेवते. मध्यंतरी पेपरात होतं, जपानने त्या भट्टीतलं पाणी समुद्रात सोडायला घेतलं म्हणून कुठल्याशा देशाने जपानची सगळी मासळी बंद केली. मी वाचलं आणि तिथल्या एखाद्या बाईचा विचार आला. मासळी सुकवून विकणारी असेल, माझ्याच वयाची. तिला कुणीतरी विचारलं असेल, नक्की ना, आणि ती म्हणाली असेल, सांग खुशाल. मग चष्मा काढून ठेवला. दुपारी निजले.

त्या हिवाळ्यानंतर कासूवाली परत आली ती ज्येष्ठात. वाडीवरच्या एकाने स्टेशनवर सांगितलं, काल ट्रक आला म्हणून. मी डबा भरला, यावेळी दोघींचा. आणि गाडीत बसून पाठ केलं काय म्हणायचं ते. या खेपेला बंदर नाही, सरकार नाही, सरळ माफी. तिच्यापुढे पाया पडायचंही मनात होतं. माझं वय, तिचं वय, लोक काय म्हणतील, सगळं धरून.

ती दारातच बसली होती. बारीक झाली होती, केस मातीच्या रंगाचे, टाचा फुटलेल्या, त्यांत विटांची लाल भुकटी अजून तशीच. म्हातारी आत निजली होती. घोरणं ऐकू येत होतं. मी डबा खाली ठेवला. बसलेसुद्धा नाही, पदर पुढे घेतला आणि सुरू केलं, “हे बघ गो, मला बोलू दे. माझ्यामुळे तुला—”

तिने हात वर केला. वर बघितलंसुद्धा नाही.

“बाई, डबा ठेवा. डब्याला मी नाय नाय बोलनार, आय बोलली, सुकट चांगली आनायच्या. पन ती बोलली का बाई येतात नि रडत बसतात, नि मंग जेवन टाकून तिलाच तुमची समजूत काढाया लागं. आता माज्याकडं नका सुरू करू. मी लय दमून आलेय.”